आपल्या परिसरातील वन्यजीव आणि निसर्गवर्ग

निसर्गवर्ग कसे चालवावेत याविषयी मी काही सांगावे, अशी आपली अपेक्षा आहे. आपल्यापैकी बरेचजण शाळांतून शिकवितात, काहीजण ग्रंथालये सांभाळतात, तर काहीजण महिला मंडळांतून व युवक मंडळांतून काम करतात. मुलांना, आणि मोठ्या माणसांनाही, चार भिंतींबाहेर नेऊन आसपासच्या प्राणिमात्रांची ओळख करून द्यावी, ही आपणां सर्वांची इच्छा आहे. या कामी काही सुचविण्यापूर्वी माझी स्वतःची एक चूक आपणांसमोर मांडणे मला उचित वाटते. कारण आज मी जे सांगणार आहे त्याचा बराचसा भाग त्या चुकीनेच मला शिकविला.

पुष्कळ वर्षांपूर्वी गंगेच्या मैदानातील एका लहान गावी मी शिक्षक होतो. दर हिवाळ्यात निवडक विद्यार्थ्यांना घेऊन मी राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव उद्यानात जात असे. तेथे मुले चित्रबलाकांची घरटी पाहत, सारसांची जोडी पाहत, दूर उत्तरेकडून हिवाळ्यापुरती आलेली बदके पाहत. परतल्यावर साठ-सत्तर पक्ष्यांच्या नावांची यादी सुवाच्य अक्षरांत लिहून वर्गाच्या भिंतीवर लावली जाई. येणाऱ्या पाहुण्यांना ती यादी दाखविताना मला अभिमान वाटे.

आमच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर एक तळे होते. त्यात शिंगाड्याचे वेल पसरलेले असत. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत ते तळे माती टाकून बुजविण्यात आले. तेथे दुकानांचे गाळे उभे करावयाचे होते. मी तक्रारअर्ज लिहावयास बसलो. तळ्यामुळे गावाला काय लाभ होतो आणि त्यात कोणते जीव राहतात, हे अर्जात लिहिणे आवश्यक होते. लेखणी हातात घेतल्यावर माझ्या ध्यानात आले की, भरतपूरच्या साठ पक्ष्यांची नावे मला पाठ आहेत, परंतु या तळ्याविषयी माझ्यापाशी एका ओळीचीही नोंद नाही. अर्ज अतिशय मोघम झाला. त्याचे उत्तरही तसेच मोघम आले. तळे गेले ते गेलेच.

त्यानंतर काही दिवसांनी शिंगाड्याची लागवड करणाऱ्या माणसाचा मुलगा मला भेटला. तो आमच्याच शाळेत होता. मात्र सहलीचे पैसे भरणे त्याच्या वडिलांना शक्य नसल्यामुळे तो भरतपूरला कधीच आला नव्हता. तो म्हणाला, “गुरुजी, लांब शेपटीचा पाणपक्षी आता अंडी कोठे घालणार? पानांवर घालायचा. मोठा पक्षी अंडी घालून निघून जायचा आणि लहान पक्षी बसून राहायचा. पाणी वाढले की तो अंडी सरकवायचा.” तो कमळपक्ष्याविषयी बोलत होता. मी ग्रंथ उघडून पाहिले, तेव्हा त्याचा शब्द न् शब्द खरा निघाला. कमळपक्ष्यांत मादी आकाराने मोठी असते. ती अंडी घालून दुसऱ्या नराकडे जाते, आणि अंडी उबविण्याचे व पिले सांभाळण्याचे काम नर करतो. जो मुलगा माझ्या वर्गाचा शिक्षक होऊ शकला असता, त्याला मी विद्यार्थी म्हणूनही बरोबर नेले नव्हते.

अभयारण्यांच्या सहली वाईट असतात, असे मला सुचवावयाचे नाही. त्या अवश्य काढाव्यात. परंतु निसर्गशिक्षणाचा आरंभ तेथून करू नये. तो आपल्या दारातून करावा, आणि ज्यांना दारातले माहीत आहे त्यांना बरोबर घेऊन करावा. आजच्या माझ्या भाषणाचे सार एवढेच आहे.

‘वन्यजीव’ हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे वाघ, हत्ती आणि गेंडे उभे राहतात. त्यामुळे आपल्या गावात वन्यजीव नाहीत, अशी समजूत मुलांच्या मनात सहज दृढ होते. वस्तुतः शाळेच्या छपराखालची पाकोळी, बांधावरचा सरडा, विहिरीतील बेडूक, उंबराच्या झाडावरील वटवाघूळ हे सर्व वन्यजीवच होत. जवळचे म्हणून ते क्षुल्लक नाहीत, आणि त्यांच्याविषयी सारे काही जाणून झाले आहे, असेही नाही. डॉ. सालिम अली यांचे उदाहरण घ्या. १९३०च्या सुमारास त्यांना नोकरी नव्हती आणि ते अलिबागजवळच्या किहीम येथे राहत होते. घरापासून जवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. तिच्यासमोर रोज तासन् तास बसून त्यांनी पाहिले की, नर एक घरटे अर्धे विणतो. माद्या येऊन त्याची तपासणी करतात. एखादीने ते पसंत केले की नर ते पुरे करतो. आणि ती अंडी उबवू लागली की तो दुसऱ्या घरट्याच्या कामाला लागतो. इतका परिचित पक्षी, पण त्याचा हा संसार तोवर कोणी नीट मांडला नव्हता. यासाठी लागला तो वेळ आणि एकाच जागी पुनःपुन्हा जाण्याची चिकाटी.

आता प्रत्यक्ष उपक्रमांकडे वळू. यांतील एकाही उपक्रमाला फारसा खर्च येत नाही.

पहिला उपक्रम दोरीच्या चौकोनाचा. चार मीटर दोरी घेऊन तिचा एक मीटर बाजूचा चौकोन जमिनीवर आखावा. एक शेताच्या बांधावर, एक झाडाखाली आणि एक पायवाटेवर. प्रत्येक चौकोनाभोवती चार मुलांनी अर्धा तास बसावे आणि जे दिसेल ते लिहावे किंवा त्याचे चित्र काढावे. पहिल्या पाच मिनिटांत मुले म्हणतात, “येथे काहीच नाही.” पंधराव्या मिनिटाला मुंग्यांची रांग दिसते, गांडुळाने वर टाकलेल्या मातीच्या गोळ्या दिसतात, आणि बारीक मातीत नरसाळ्यासारखा खळगा करून तळाशी मुंगीची वाट पाहत दडून बसलेली अळी दिसते. अर्धा तास संपल्यावर मुले उठावयास तयार नसतात. तिन्ही चौकोनांची तुलना करताना, पायवाटेवर एवढे थोडे जीव का, हा प्रश्न मुलेच विचारतात. तो प्रश्न शिक्षकाने आधी विचारू नये.

दुसरा उपक्रम एका झाडाच्या सोबतीचा. प्रत्येक मुलाने एक झाड निवडावे आणि आठवड्यातून एकदा त्याची पाने, कळ्या, फुले व फळे यांची स्थिती लिहावी. २०१०च्या सुमारास सुरू झालेल्या ‘सीझनवॉच’ या उपक्रमात केरळातील अनेक शाळांची मुले नेमके हेच करीत आली आहेत. आंब्याला मोहोर केव्हा आला, बहावा केव्हा फुलला, हे एका वर्षाच्या नोंदीवरून फारसे सांगता येत नाही. परंतु दहा वर्षांच्या नोंदी झाल्या म्हणजे, ऋतुमान बदलत आहे काय, या आजच्या मोठ्या प्रश्नावर काही बोलण्याचा अधिकार त्या मुलांना प्राप्त होतो.

तिसरा उपक्रम ऐकण्याचा. पहाटे पाच मिनिटे सर्वांनी डोळे मिटून बसावे आणि प्रत्येक नव्या आवाजाला एक बोट मोडावे. पावसाळ्याच्या आरंभी हाच प्रयोग रात्री पाण्याकाठी करावा. बेडकांचा जो एकच गोंगाट वाटतो, त्यातून दोन-तीन निरनिराळे आवाज वेगळे होऊ लागतात. कारण प्रत्येक जातीचा आवाज वेगळा असतो आणि तो बहुधा नराचा असतो. ज्यांना दृष्टी नाही अशी मुले या उपक्रमात इतरांच्या पुढे असतात, हे मी अनुभवाने सांगतो.

चौथा उपक्रम ठशांचा. ओढ्याकाठच्या वाटेवर संध्याकाळी चाळलेली माती पसरून ठेवावी आणि सकाळी जाऊन पाहावी. नखांच्या खुणा उमटल्या असतील तर कुत्रा किंवा कोल्हा. तसाच गोल ठसा पण नखे नसतील तर मांजराच्या कुळातील प्राणी, कारण तो चालताना नखे आत ओढून घेतो. आपण झोपलेले असताना आपल्या गावातून कोण ये-जा करते, हे कळल्यावर गावाकडे पाहण्याची मुलांची दृष्टीच बदलते.

या उपक्रमांना काही पथ्ये आहेत. उलटलेला दगड जसा होता तसाच परत ठेवावा, कारण ते कोणाचे तरी छप्पर असते. अंडी व घरटी हाताळू नयेत, आणि छायाचित्रासाठी घरट्याभोवतीच्या फांद्या दूर करू नयेत. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये. त्यास प्रतिस्पर्धी आल्याचे वाटते आणि पिलांना भरवावयाचे सोडून तो भांडण्यास येतो. बिळात हात घालू नये. साप दिसल्यास दूर उभे राहावे. कोणास सर्पदंश झालाच, तर जखम कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काहीही न करता त्या व्यक्तीला शक्य तितके स्थिर ठेवून ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

सापांचा विषय निघालाच आहे, तर जाणत्या माणसांकडे वळतो. तमिळनाडूतील इरुळा समाजाचे लोक पिढ्यान् पिढ्या साप पकडण्यात निष्णात होते आणि सापांच्या कातड्यांच्या व्यापारावर त्यांचा चरितार्थ चाले. तो व्यापार कायद्याने बंद झाल्यावर त्यांच्यापुढे उपासमारीचा प्रश्न उभा राहिला. १९७८ साली, रोम्युलस व्हिटेकर यांच्या साहाय्याने, त्यांची सहकारी संस्था स्थापन झाली. तिचे सभासद साप पकडतात, त्यांचे विष काढतात आणि काही आठवड्यांनी साप पुन्हा सोडून देतात. त्या विषापासून सर्पदंशावरील औषध तयार होते. या समाजातील मासी सदैयान आणि वडिवेल गोपाल यांना २०१७ साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, तेथे बेसुमार वाढलेले अजगर शोधण्यासाठी बोलावण्यात आले होते. आणि २०२३ साली या दोघांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. आपल्या गावातही अशी माणसे असतात. मधमाश्यांचे पोळे कोठे बसेल हे सांगणारा, माश्यांच्या विणीचा काळ अचूक जाणणारी कोळीण, जनावराच्या औषधासाठी कोणता पाला काढावा हे जाणणारा गुराखी. त्यांना वर्गात आणावे, मानाने बसवावे, आणि त्या दिवसाची त्यांची मजुरी बुडते याचे स्मरण ठेवून मानधनही द्यावे. शहरातून येणाऱ्या व्याख्यात्याला आपण प्रवासखर्च देतो आणि गावच्या गुराख्याला केवळ धन्यवाद देतो, हे योग्य नव्हे.

येथपर्यंतचा भाग सोपा आहे. खरी कसोटी पुढे असते. ज्या प्राण्याची ओळख करून द्यावयाची, तोच गावाला नकोसा असेल तर काय करावे? या प्रश्नाचे सर्वांत बोधप्रद उत्तर आसामने दिले आहे.

हरगिला हा बलाक कुळातील सुमारे दीड मीटर उंचीचा पक्षी. त्याच्या नावाचा अर्थ हाडे गिळणारा. डोके-मान जवळजवळ उघडी, गळ्याखाली लोंबणारी पिशवी. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या छपरांवर तो सर्रास दिसे, इतका की त्या शहराच्या बोधचिन्हात त्याला स्थान मिळाले होते. पुढे तो झपाट्याने कमी होत गेला. आसामच्या कामरूप जिल्ह्यात दादरा, पाचरिया आणि आसपासच्या गावांत तो लोकांच्या परसातील उंच कदंबांवर व सावरीवर घरटी करतो. घरट्यातून सडके मांस आणि विष्ठा अंगणात पडते, दुर्गंधी सुटते. शिवाय हा पक्षी अशुभ मानला जाई. म्हणून लोक झाडेच तोडीत. २००७ साली पूर्णिमा देवी बर्मन या तरुण संशोधिकेने असेच एक झाड तोडलेले आणि पिले खाली पडलेली पाहिली. त्यांनी हरकत घेतली, तेव्हा गावकरी त्यांच्यावरच रागावले.

गावकऱ्यांना अडाणी ठरवून त्या निघून गेल्या असत्या, तर ही कथा तेथेच संपली असती. परंतु अंगण कोणाला झाडावे लागते, हे त्यांनी ओळखले. ते काम बायकांचे होते. म्हणून त्यांनी बायकांशी बोलण्यास प्रारंभ केला. स्वयंपाकाच्या स्पर्धा, कीर्तने, हातमागाचे काम अशा बायकांच्या नित्याच्या मेळाव्यांतून हरगिलाचा विषय निघू लागला. गरोदर स्त्रीचे डोहाळेजेवण करावे तसा हरगिलाच्या विणीच्या हंगामात समारंभ होऊ लागला. गमछांवर आणि साड्यांवर या पक्ष्याची नक्षी विणली जाऊ लागली व तिची विक्री होऊ लागली. झाडांखाली जाळी बांधून पडणारी पिले वाचविण्यात आली. शाळांतील मुले खेळांतून व चित्रांतून त्याची माहिती शिकू लागली. २००७ साली या गावांत तीसपेक्षा कमी घरटी होती. पुढे त्यांची संख्या दोनशेंच्या वर गेली. ‘हरगिला सेना’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्त्रियांची संख्या दहा हजारांहून अधिक झाली. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने बर्मन यांचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ या पुरस्काराने सन्मान केला. दुर्गंधी मात्र आजही येतेच. ती येत नाही असे कोणी कोणास सांगितले नाही, आणि मला वाटते, त्या प्रामाणिकपणातच या कार्याचे बळ आहे.

आसामला लागूनच असलेल्या नागालँडचे उदाहरणही असेच आहे. वोखा जिल्ह्यातील दोयांग जलाशयावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अमूर ससाण्यांचे प्रचंड थवे उतरतात. जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाचा हा पक्षी पूर्व आशियातून निघून आफ्रिकेच्या दक्षिण भागात हिवाळा काढावयास जातो. २०१२ साली तेथे जाळी लावून लक्षावधी ससाणे मारले गेल्याचे उघडकीस आले. त्याच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे २०१३ साली, ही शिकार थांबली. ग्रामसभा, चर्च, वनखाते व स्वयंसेवी संस्था या सर्वांनी त्यासाठी एकत्र काम केले, आणि पांग्तीसारख्या गावांत मुलांचे निसर्गवर्ग सुरू झाले. त्या वर्षी तीन ससाण्यांवर उपग्रहाद्वारे माग काढणारी यंत्रे बसविण्यात आली आणि त्यांना ‘नागा’, ‘पांग्ती’ व ‘वोखा’ ही नावे देण्यात आली. आपल्या गावाचे नाव धारण करणारा पक्षी भारतीय द्वीपकल्प ओलांडून, अरबी समुद्रावरून न थांबता आफ्रिकेत पोहोचला, ही वार्ता ज्या मुलांनी ऐकली असेल, त्यांना भूगोल निराळ्या पुस्तकातून शिकवावा लागला नसेल.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. दोयांगच्या धरणामुळे अनेकांची शेते पाण्याखाली गेली होती, आणि ससाण्यांची विक्री हा काही कुटुंबांच्या मिळकतीचा भाग झाला होता. शिकार सोडली त्यांनी त्या मिळकतीवरही पाणी सोडले. निसर्गवर्ग घेणाऱ्याने वर्गात दयेची गोष्ट सांगावी, पण ही बाजू झाकून ठेवू नये. ज्या मुलाच्या घरी चूल त्या पैशांवर पेटत होती, तोही त्याच वर्गात बसलेला असतो.

शेवटचा मुद्दा नोंदीचा. माझ्या तळ्याच्या बाबतीत जे उणे पडले ते हेच. वर्गाची एक सामाईक वही असावी. तीत तारीख, वेळ, जागा, हवामान आणि जे दिसले ते, एवढेच लिहावे. नाव ठाऊक नसेल तर वर्णन लिहावे. चुकीच्या नावापेक्षा खरे वर्णन शतपटीने बरे. स्थानिक बोलीतील नाव अवश्य लिहावे. अशा सामान्य माणसांच्या नोंदींतून केवढे कार्य उभे राहते, ते केरळने दाखविले आहे. २०१५ ते २०२० या काळात एक हजारांहून अधिक स्वयंसेवकांनी ठरावीक ठिकाणी जाऊन पक्ष्यांची मोजणी केली आणि संपूर्ण राज्याचा पक्षी-नकाशासंग्रह तयार केला.

या वहीला कायद्याचाही आधार मिळू शकतो. २००२च्या जैवविविधता अधिनियमानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असते, आणि लोकांच्या सल्ल्याने ‘लोक जैवविविधता नोंदवही’ तयार करणे हे तिचे प्रमुख काम आहे. आपल्या गावची नोंदवही कोठे आहे, ती पाहावयास मिळेल काय, आणि आमच्या वर्गाच्या नोंदी तीत घेता येतील काय, हे तीन प्रश्न मुलांनी ग्रामपंचायतीत जाऊन नम्रपणे विचारावेत. नागरिकशास्त्राचा याहून चांगला पाठ मला ठाऊक नाही.

मित्रहो, तळे बुजविले गेले त्यानंतर मी आणखी दोन शाळांत काम केले. दुसऱ्या शाळेजवळ एक पाणथळ जागा होती. तेथे आम्ही दर शनिवारी जात असू. वही एका मासेमाराच्या मुलीच्या हाती असे. ती जागा वाचली, असे मी अभिमानाने सांगू शकलो असतो तर बरे झाले असते. तिचा अर्धा भाग रस्त्याखाली गेला. पण या वेळी बैठकीत ती मुलगी वही घेऊन उभी राहिली, कोणत्या महिन्यात कोठे विणीचे मासे येतात हे तिने वाचून दाखविले, आणि रस्त्याची आखणी काही अंतर सरकविण्यात आली. उरलेला अर्धा भाग त्या वहीमुळे उरला.

म्हणून माझी आपणांस एकच विनंती आहे. येथून परत गेल्यावर पुढच्या सहलीचे ठिकाण ठरविण्यापूर्वी, आपल्या शाळेपासून दहा मिनिटांच्या वाटेवरील एक जागा निवडा. ती पडीक असो, चिखलाची असो, कोणाच्या खिजगणतीतही नसो. वर्षभर दर आठवड्यास तेथे जा, आणि जाताना ज्या मुलाकडे सहलीचे पैसे नव्हते त्याला सर्वांत पुढे चालू द्या.